वीस रुपये आणि धनंजयराव

दरमहा माणशी वीस रुपये. भाव १९६०-६१ चे. पाच माणसांचे घर धरले तर महिन्याला शंभर रुपये. शहरात थोडे अधिक, माणशी पंचवीस. याच्या खाली जो जगतो तो गरीब, आणि त्याला या रेषेवर आणणे ही सरकारची जबाबदारी, असा आकडा स्वतंत्र भारतात पहिल्यांदा मांडला गेला तो १९६२ च्या जुलै महिन्यात. तो मांडणाऱ्या गटातली नावे पाहिली तर आज आश्चर्य वाटते. मुक्त अर्थव्यवस्थेचे कैवारी मिनू मसानी, समाजवादी अशोक मेहता, सर्वोदयी अण्णासाहेब सहस्रबुद्धे, नियोजन मंडळातले पितांबर पंत, अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव. एरवी एका मेजाशी बसले तर चहा कोणता घ्यावा यावरही एकमत होणार नाही अशी ही मंडळी एका आकड्यावर एकत्र आली. आणि त्यांच्यात होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ.

या वीस रुपयांत एक गोष्ट मुद्दाम धरलेली नव्हती. दवाखान्याचा आणि शाळेचा खर्च त्यात नव्हता. तो सरकार करील, घटनेनेच ती अपेक्षा ठेवली आहे, असे गृहीत होते. १९७६ पर्यंत प्रत्येकाला हे किमान जीवनमान मिळावे म्हणून उत्पन्न किती वेगाने वाढावे लागेल, याचा हिशेब पंतांनी करून ठेवला. १९७६ आले आणि गेले. पुढे २००९ साली सुरेश तेंडुलकरांच्या तज्ज्ञगटाने दारिद्र्यरेषा पुन्हा आखली तेव्हा माणूस औषधावर आणि मुलांच्या शिक्षणावर स्वतःच्या खिशातून जो खर्च करतो तो तिच्यात धरावा लागला. का धरावा लागला हे वेगळे सांगायला नको. ज्याच्या घरात कोणी आजारी पडले आहे आणि जो सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात उभा राहिला आहे, त्याला ते माहीत असते.

धनंजयरावांना मी पाहिलेले नाही. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. माझी त्यांची ओळख झाली ती बँकेत लागल्यावर, प्रशिक्षणाच्या वेळी हाती पडलेल्या कागदांतून. त्या कागदांत अग्रणी बँक योजना होती, तिच्या मागे एक अभ्यासगट होता, आणि त्या गटाच्या अध्यक्षांचे नाव गाडगीळ होते. मग विकास सोसायट्यांचा इतिहास वाचू लागलो, तिथे गाडगीळ. सहकारी साखर कारखान्यांचा वाचला, तिथे गाडगीळ. केंद्राने राज्यांना पैसा कसा वाटायचा याचे सूत्र पाहिले, तर त्याचे नावच गाडगीळ सूत्र. या माणसाने गरिबीवर एकही घोषणा केली नाही, आणि तरी आपल्याकडे गरिबापर्यंत सरकारचा पैसा ज्या ज्या वाटेने जातो त्यांतल्या निम्म्याअधिक वाटांवर त्याच्या पायाच्या खुणा आहेत. त्या वाटा पुढे कुठे पोचल्या, हा प्रश्न मला नोकरीभर पडत राहिला.

त्यांचा जन्म नाशिकचा, १० एप्रिल १९०१ चा. बालपण आणि शाळा नागपुरात. तिथून थेट केंब्रिज. तिथे एम.लिट.साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदुस्थानच्या अलीकडच्या काळातल्या औद्योगिक स्थित्यंतरावर. १९२४ साली तो ऑक्सफर्डने पुस्तकरूपाने काढला तेव्हा लेखकाचे वय होते तेवीस. पुढे जवळजवळ अर्धशतक त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या तो वाचून पास झाल्या. त्या पुस्तकातला विषय आजही शिळा नाही. शहरातला कारागीर, विणकर, धातूकाम करणारा, यांचा धंदा बसला. आगगाडीने माल आणला आणि गिऱ्हाईक नेले. नवे कारखाने निघाले, पण ते एवढे नव्हते की धंदा बुडालेल्या सगळ्यांना पोटाशी घेतील. मग माणसे जमिनीवर येऊन पडली. शेती ही ज्याला दुसरे काही उरले नाही त्याची शेवटची जागा झाली. भारतातल्या दारिद्र्याचे मूळ कुठे शोधायचे हे धनंजयरावांनी असे विशीतच ठरवून टाकले होते.

परत आल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडे दिवस नोकरी केली. सुरतेच्या महाविद्यालयात पाच वर्षे प्राचार्य होते. १९३० साली साताऱ्याचे वकील रावबहादूर काळे यांनी भारत सेवक समाजाला देणगी दिली, तीतून पुण्यात गोखले संस्था उभी राहिली, आणि एकोणतीस वर्षांचे गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुढची छत्तीस वर्षे ते त्याच खुर्चीत होते.

या संस्थेत त्यांनी जे केले ते त्या काळात फारसे कोणी करत नव्हते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक तेव्हा इंग्रजी ग्रंथ वाचून इंग्रजी ग्रंथांवर लिहीत. धनंजयरावांनी पोरांच्या हातात छापील तक्ते दिले आणि त्यांना गावात पाठवले. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला एकराला खर्च किती येतो, घरच्या माणसांची मजुरी धरली तर त्याच्या हाती काही उरते का, याची पाहणी झाली. पुणे शहरात घरोघरी जाऊन कोण काय काम करतो, काय कमावतो, किती खोल्यांत राहतो, हे लिहून आणले गेले. सोलापूरचीही अशीच पाहणी पुढे झाली. एखाद्या जागचे दारिद्र्य आधी त्या जागी जाऊन मोजायचे आणि मग उपाय बोलायचा, हा त्यांचा रिवाज. आज हे ऐकायला साधे वाटते. मी पाहिलेल्या कितीतरी योजनांत मात्र उपाय आधी आला आणि मोजणी नंतर, तीही मार्चअखेर, उपायाला साजेशी.

नगर जिल्ह्यातला गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा टापू त्यांच्या अशाच एका पाहणीचा विषय झाला. कालव्याचे पाणी आले की सरकारला महसूल किती मिळतो, एवढाच हिशेब तेव्हाचे सरकार करी. धनंजयरावांनी प्रश्न फिरवला. पाण्यामुळे त्या मुलखातल्या माणसांच्या उत्पन्नात काय फरक पडला, मजुरांना कामाचे दिवस किती वाढले, बाजारपेठेत काय हालचाल झाली, हेही मोजले पाहिजे असे त्यांनी धरले आणि मोजून दाखवले. धरणाचा लाभ असा मोजण्याची पद्धत आपल्याकडे या पाहणीपासून रुळली. तिचा अहवाल १९४८ साली छापला गेला.

या टापूत पाणी आले होते पण पैसा टिकत नव्हता. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ऊस पिकू लागला, गूळ निघू लागला. गुळाचा भाव पडला की शेतकरी सावकाराकडे जाई. खासगी साखर कंपन्या होत्या, त्यांना ऊस स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीत काढायचा होता, आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या होत्या. कालवा शेतकऱ्याच्या बांधावरून जात होता, पण त्यातली साखर दुसऱ्याच्या गोदामात पडत होती.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष धनंजयराव. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःचा साखर कारखाना काढावा, ही कल्पना तिथे त्यांनी मांडली. अशा परिषदांतून कल्पना पुष्कळ मांडल्या जातात. ही टिकली, कारण लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील तिला चिकटले. शाळा फारशी न शिकलेला, पण सोसायटी चालवण्याचा हात बसलेला हा शेतकरी गावोगाव फिरून भाग गोळा करू लागला. माणसे हसली. उसाच्या चिपाडावर विमान उडवायला निघाले आहेत, अशा थाटाची ती टवाळी होती. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार खाते सांभाळणारे वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले. १९५० सालच्या अखेरीस प्रवरानगरला गाळप सुरू झाले. सुरुवातीची दहाएक वर्षे कारखान्याचे अध्यक्षपद केंब्रिजच्या या पदवीधराकडे होते.

या जोडीबद्दल बरेच लिहून झाले आहे आणि त्यात भाबडेपणाही पुष्कळ आहे. मला त्यात एक व्यावहारिक गोष्ट महत्त्वाची वाटते. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही दोन गोष्टी पाहत असू, धंदा चालेल का आणि माणूस परत करील का. विठ्ठलरावांकडे दुसऱ्याचे उत्तर होते. गावकऱ्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. धनंजयरावांकडे पहिल्याचे होते. ऊस किती, उतारा किती, पाणी किती, हे त्यांनी आधीच मोजलेले होते. त्यांचे नाव अध्यक्षपदी असल्याने सरकारी कचेऱ्या आणि वित्तसंस्थाही वेगळ्या नजरेने पाहत. पैसा असा उभा राहतो. त्यागावर कारखाने उभे राहत नाहीत.

प्रवरेचे गाळप सुरू झाले त्याच सुमारास धनंजयराव याच्याहून मोठ्या कामात गुंतले. शेतीकर्जाचा प्रश्न त्यांनी आधीच हाताळलेला होता. १९४४-४५ साली त्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. शेतकऱ्याचे जुने कर्ज त्याच्या फेडण्याच्या कुवतीपर्यंत सक्तीने खाली आणा, आणि नवे कर्ज देण्यासाठी सरकारच्या पाठबळाची संस्था काढा. १९५१ साली रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष, गाडगीळ, वेंकटप्पय्या आणि शास्त्री सभासद. पंचाहत्तर जिल्हे, सहाशे गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे. संगणक नावाचे यंत्र देशात नसताना हे झाले, हे ध्यानात ठेवावे.

त्या पाहणीतला एक तक्ता मी कितीतरी वेळा पाहिला असेल. शेतकरी एका वर्षात जे कर्ज काढतो ते कोणाकडून, याचा तो तक्ता. शंभरातले सुमारे सत्तर रुपये सावकाराकडून. सरकारी तगाईचे तीन रुपये आणि काही पैसे. सहकारी सोसायट्यांचे तीन रुपये दहा पैसे. व्यापारी बँकांचा रुपयासुद्धा पुरा नाही, नव्वद पैसे. सहकारी पतसंस्थांचा कायदा होऊन तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती. पन्नास वर्षांची कमाई शंभरात तीन.

एखाद्याने हा तक्ता पाहून सहकार गुंडाळला असता. समितीने उलटा निष्कर्ष काढला. सोसायटी दुबळी पडली, कारण गावात ती एकटी होती. तिच्या समोर सावकार, आडते, जमीनदार यांची जुळलेली फळी. शेतकरी कर्ज सोसायटीचे घेतो, पण माल आडत्याला विकतो, आणि आडता आपले आधी कापून घेतो. म्हणून कर्ज, विक्री आणि गोदाम यांची एकमेकांशी सांगड घाला. सरकारने सोसायट्यांच्या भांडवलात भागीदार व्हावे. कर्ज जमिनीच्या तारणावर न देता उभ्या पिकाकडे पाहून द्यावे आणि पिकाच्या विक्रीतून वसूल करावे. आज आपण ज्याला पीककर्ज म्हणतो ते इथून देशभर गेले. इंपीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर आले, तेही याच अहवालाचे फळ.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते. पिकाकडे पाहून कर्ज, हा विचार कागदावर सोपा आहे. त्याने कूळ आणि लहान शेतकरी पहिल्यांदा कर्ज मिळण्याजोगा माणूस ठरला. पण सोसायटीत नाव घालायचे तर सातबारा लागतोच. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याचे पीक कोणते? दुसऱ्याच्या रानात खुरपणारी बाई, कारखान्याच्या हंगामात बिऱ्हाड गाडीवर टाकून येणारी ऊसतोड करणारी माणसे, यांना हा अहवाल कुठे पोचला? समितीने सावकाराच्या विरुद्ध गावाला उभे केले. पण गाव ही एकजिनसी वस्तू नव्हती. सरकारी भागभांडवल आले ते गावातल्या बळकट घरांच्या हातात आले. डॅनियल थॉर्नर या अर्थशास्त्रज्ञाने याच काळात देशभरच्या सोसायट्या पाहून नेमका हा आक्षेप घेतला होता. धनंजयरावांच्या पक्षाने सांगायचे तर, आधी संस्था उभी राहू द्या, ती दुबळ्याकडे वळवता येईल, असा त्यांचा कल होता, आणि सहकारी समाजव्यवस्था हे त्यांचे शेवटपर्यंतचे ध्येय राहिले. संस्था उभी राहिली खरी. ती वळवायची कोणी, हे मात्र ठरायचे राहून गेले. महाराष्ट्रात पुढे कारखान्याच्या संचालक मंडळातून आमदार निघू लागले आणि मग वळवण्याचा प्रश्न अधिकच अवघड झाला.

भावांच्या बाबतीत त्यांनी सरकारांना सारखे छळले, असे म्हणायला हरकत नाही. गोरवालांबरोबर ते १९४७ च्या वस्तुभाव मंडळावर होते. नियंत्रणे ठेवावीत असे त्यांचे मत. डिसेंबर १९४७ मध्ये ती उठवली गेली, भाव भडकले, आणि १९४८ मध्ये सरकारला मागे फिरावे लागले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळीही त्यांनी हेच लावून धरले. धान्याच्या भावावर ताबा नसेल तर योजना ही खर्चाची यादी ठरते. गरिबाच्या हातात एका बाजूने मजुरी द्यायची आणि दुसऱ्या बाजूने ज्वारीच्या भावात ती काढून घ्यायची, याला नियोजन म्हणत नाहीत. पोलादाच्या कारखान्यांच्या त्या उमेदीच्या दिवसांत हे ऐकायला दिल्लीत फारसे कोणी मोकळे नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला आर्थिक आधार पुरवणाऱ्यांत ते पुढे होते. त्यावर स्वतंत्र लेख होईल, इथे नको. १९६६ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्याच वर्षी राज्यसभेवर नेमले गेले, आणि सप्टेंबर १९६७ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. ज्या घराच्या बांधकामावर बाहेरून वर्षानुवर्षे टीका केली त्या घराच्या किल्ल्या हाती आल्या. घराची अवस्था काय होती? दोन दुष्काळ होऊन गेलेले, रुपयाचे अवमूल्यन झालेले, योजनेला सुट्टी देऊन वर्षा-वर्षाच्या आराखड्यांवर काम चाललेले. त्यात १९६७ च्या निवडणुकीनंतर निम्म्या राज्यांत काँग्रेसेतर सरकारे, आणि प्रत्येक मुख्यमंत्र्याची तक्रार एकच, की दिल्ली आपल्याला कमी देते.

गाडगीळ सूत्र निघाले ते या भांडणातून. तोवर केंद्राची मदत योजनेगणिक आणि बऱ्याच अंशी वजनागणिक मिळे. ज्याचा माणूस दिल्लीत बसलेला, त्याचा रस्ता आधी. धनंजयरावांनी आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड यांचा वाटा आधी बाजूला काढला. उरलेल्याचे शंभर भाग धरले. साठ लोकसंख्येप्रमाणे. दहा, ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखाली आहे त्या राज्यांना. दहा, जे राज्य स्वतः कर गोळा करण्याची मेहनत घेते त्याला. दहा, हाती घेतलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी. दहा, राज्याच्या खास अडचणींसाठी. मदतीतले तीस टक्के अनुदान, सत्तर टक्के कर्ज. बस्स. एका पानावर मावणारा हिशेब.

गरीब राज्यांना फक्त दहाच भाग का, ही टीका तेव्हाही झाली आणि ती खरी आहे. १९८० मध्ये ते वीस करावे लागले. पण मला या सूत्राचे मोल दुसरीकडे दिसते. बिहारच्या किंवा ओरिसाच्या मंत्र्याला पहिल्यांदा घरी बसून, पाटीवर आकडे मांडून, आपल्या वाट्याला काय येणार हे कळू लागले. त्यासाठी कोणाच्या व्हरांड्यात ताटकळायचे कारण उरले नाही. हक्क आणि मेहेरबानी यांत फरक असतो तो एवढाच. पुढे दिल्लीने केंद्रपुरस्कृत योजनांची रांग लावली आणि व्हरांडे पुन्हा भरले, ती गोष्ट निराळी. २०१५ साली नियोजन मंडळच गेले आणि त्याच्याबरोबर हे सूत्रही.

आता माझ्या पेशाकडे येतो. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याआधीच राष्ट्रीय पत परिषदेने धनंजयरावांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. त्याचा अहवाल ऑक्टोबर १९६९ मध्ये आला. देशात साडेपाच लाखांवर खेडी, आणि त्यांतल्या जेमतेम पाच हजारांत व्यापारी बँक पोचलेली. गटाचा उपाय त्यांच्या जुन्या रिवाजाला धरूनच होता. सगळ्या बँकांनी सगळीकडे धावू नये. क्षेत्र ठरवा. एक जिल्हा एका बँकेने अंगावर घ्यावा, त्याची पाहणी करावी, तिथे काय पिकते, कोणते कारागीर आहेत, बाजार कुठे भरतो, कर्जाची गरज कोणाला आहे आणि ती भागत का नाही, हे शोधावे, आणि मग शाखा कुठे काढायची आणि पैसा कशासाठी द्यायचा हे ठरवावे. डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना जाहीर केली. जिल्हा हे नियोजनाचे एकक धरा, असे नियोजन मंडळाने राज्यांना कळवले तेही १९६९ सालीच. एका बाजूने सरकारचा जिल्हा आराखडा, दुसऱ्या बाजूने बँकेचा, आणि दोन्ही एकमेकांत बसायचे. वाई तालुक्यात जे केले तेच आता देशभर.

या योजनेने जे केले त्याला मी तरी कमी लेखणार नाही. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी ग्रामीण शाखा सुमारे अठराशे होत्या. वीस वर्षांत त्या तीस हजारांच्या पुढे गेल्या. मी ज्या गावांत राहिलो त्यांतल्या काही गावांत डांबरी रस्ता नंतर आला, बँक आधी. पण जिल्ह्याच्या बैठकीत बसू लागलो तेव्हा मला दिसले की पाहणी गळून पडली आहे आणि उद्दिष्ट उरले आहे. वार्षिक पतपुरवठा आराखडा म्हणजे गेल्या वर्षीचे आकडे अधिक काही टक्के. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळात वरून संख्या येई, इतक्या म्हशी, इतक्या शेळ्या, इतकी शिवणयंत्रे. ज्या गावात उन्हाळ्यात माणसाला पाणी नाही, दूध संकलनाची गाडी येत नाही, तिथेही म्हशीचे कर्ज मंजूर व्हायचे, कारण तक्त्यात रकाना होता. एकच म्हैस वर्षातून चार वेळा विकली गेल्याचे किस्से आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ होते. त्यावर सगळे हसत. कर्ज मात्र ज्याच्या नावावर असे त्याच्या नावावर राहत असे, आणि थकबाकीदार म्हणून त्याला पुढे कोणी दारात उभे करत नसे. गरिबी हटवण्याच्या एका योजनेने त्याला पुढच्या सगळ्या योजनांतून हटवले.

याचा दोष अभ्यासगटाच्या अहवालाला देता येत नाही. अहवालात म्हैस नव्हती, जिल्हा होता. पण दोष कुठेच नाही असेही मला म्हणवत नाही. पाहणी ही सावकाश होणारी, शहाण्या माणसांची, वेळखाऊ गोष्ट आहे. गोखले संस्थेत ती धनंजयरावांच्या नजरेखाली होत होती. साडेतीनशे जिल्ह्यांत ती करायला तशी साडेतीनशे माणसे लागली असती, आणि आमच्यासारख्या दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्यांकडून ती करून घ्यायची तर तिला बढतीच्या हिशेबात काही किंमत द्यावी लागली असती. तशी ती कधी दिली गेली नाही. किंमत उद्दिष्टपूर्तीला होती.

चौथी योजना १९६९ पासून सुरू झाली. लहान आणि सीमांत शेतकऱ्यांसाठी, शेतमजुरांसाठी वेगळ्या यंत्रणा निवडक जिल्ह्यांत उभारण्याचे तिच्यात आले. पतपाहणीच्या वेळी जो माणूस सोसायटीच्या दाराबाहेर राहिला होता त्याच्याकडे योजनेची नजर अशी उशिरा का होईना वळली. दरम्यान पुण्यात, धनंजयरावांच्याच जुन्या संस्थेत, त्यांच्या नंतर संचालक झालेले वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ दहा वर्षांचा हिशेब मांडत होते. जानेवारी १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९६०-६१ साली खेड्यातली चाळीस टक्के आणि शहरातली पन्नास टक्के माणसे पुरेशा अन्नालाही महाग होती, आणि त्यानंतरच्या वाढीतला त्यांच्यापर्यंत फारच थोडा अंश पोचला होता. दिल्लीतल्या उपाध्यक्षांना हा अहवाल परका नव्हता. पद्धत त्यांनीच घालून दिलेली होती.

मार्च १९७१ मध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या पक्षाने ती गरिबी हटवण्याच्या घोषणेवर लढवली आणि दोन तृतीयांश जागा जिंकल्या. देशाच्या राजकारणात दारिद्र्य हा विषय इतक्या मध्यभागी याआधी कधी आला नव्हता. नव्या मांडणीत नियोजन मंडळाचीही फेररचना झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला उपाध्यक्षपदी सी. सुब्रमण्यम आले आणि धनंजयरावांनी दिल्लीचे बिऱ्हाड आवरले. ३ मे १९७१ रोजी, पुण्याला परतताना, आगगाडीच्या प्रवासातच त्यांना मृत्यू आला. वय सत्तर. चौथ्या योजनेची जवळजवळ तीन वर्षे अजून शिल्लक होती.